पीठासीन अधिकारी: हैदराबादच्या विधानसभेपासून मुंबईच्या विधान भवनापर्यंत

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची सभागृहे दोन. विधानसभेचे कामकाज अध्यक्ष चालवतात, विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष किंवा उपसभापती आसनावर बसतात आणि तेही नसतील तर अधिवेशनाच्या सुरुवातीला जाहीर झालेल्या तालिकेतला एखादा सदस्य. या सगळ्यांना मिळून पीठासीन अधिकारी म्हणतात. २८८ आमदारांच्या विधानसभेत आणि ७८ सदस्यांच्या परिषदेत कोणी, केव्हा आणि किती वेळ बोलायचे, कोणता शब्द कामकाजातून काढून टाकायचा, कोणाला बाहेर जायला सांगायचे, हे सारे या आसनावरून ठरते. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला आणि एखाद्याची आमदारकी राहणार की जाणार, हा निवाडाही तिथूनच होऊ लागला.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या दृष्टीने या पदाचा इतिहास दोन वाटांनी येतो. तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढची साडेतीन वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर सुमारे आठ वर्षांत इथल्या मतदारांचे प्रतिनिधी तीन राज्यांच्या विधानसभांत बसले. त्यातली हैदराबादची विधानसभा निजामाच्या राजवटीनंतर नव्याने उभी राहिली होती, तर मुंबईच्या विधानसभेमागे गव्हर्नरच्या कौन्सिलची नव्वद वर्षांची परंपरा होती.

मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल १८६१ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी झाली. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क होते. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके एतद्देशीय सदस्य नेमले गेले होते. सदस्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत, अंदाजपत्रकावर बोलायचे नाही, समोर आलेल्या विधेयकापुरते मत द्यायचे, एवढाच त्यांना वाव. ज्याच्या कारभाराची चर्चा व्हायची तोच चर्चेचा नियंता होता. १८९२ च्या सुधारणेने प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क दिला, आसनावरचा माणूस मात्र बदलला नाही. त्यातली अडचण १९०१ मध्ये उघड झाली. जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लॉर्ड नॉर्थकोट यांच्या कौन्सिलपुढे आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन कुळाला विकता येणार नाही अशा अटीवर परत द्यायची, असा सरकारचा बेत होता. विधेयक थोपवण्याची सूचना फेटाळली गेली तेव्हा फिरोजशहा मेहता आणि त्यांच्यामागोमाग गोपाळ कृष्ण गोखले व इतर सहकारी सभागृहातून उठून गेले. सभात्यागाचे हत्यार मराठी राजकारणात तेव्हापासून आहे. आज विरोधी बाकांवरून ते आठवड्यातून दोनदा उपसले जाते, त्या दिवशी मात्र सरकारी गोटात खळबळ उडाली होती.

गव्हर्नरला आसनावरून उठवले ते १९१९ च्या कायद्याने. कौन्सिलला स्वतंत्र अध्यक्ष मिळाला. पहिली चार वर्षे त्याची नेमणूक गव्हर्नरने करायची आणि पुढे सदस्यांनी निवडून गव्हर्नरची संमती घ्यायची, अशी तडजोड होती. मुंबईत हा मान सर नारायण गणेश चंदावरकर यांच्याकडे गेला. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, प्रार्थना समाजाचे धुरीण, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष असा माणूस नेमताना सरकारने दोन्ही बाजूंना चालेल असेच नाव पाहिले होते. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सर इब्राहिम रहिमतुल्ला आले आणि त्यांच्यानंतर अली महंमद खान देहलवी. रहिमतुल्ला पुढे १९३१ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेचेही अध्यक्ष झाले. दिल्लीत हे पद पहिल्यांदा निवडणुकीने मिळवले ते मुंबई कौन्सिलातूनच गेलेल्या विठ्ठलभाई पटेलांनी, १९२५ मध्ये. १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर समसमान मते पडली तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत सरकारविरुद्ध टाकले. पीठासीन अधिकारी एरवी मतदान करत नाही, बरोबरी झाली तरच करतो, हा नियम आज राज्यघटनेच्या १८९ व्या अनुच्छेदात आहे. पण त्या एका मताचे वजन विठ्ठलभाईंनी दाखवले तसे क्वचितच कोणी दाखवले.

विदर्भाची कथा वेगळी. तो भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूरच्या कौन्सिलचे पहिले अध्यक्ष सर गंगाधरराव चिटणवीस होते. तिथेच १९२५ मध्ये एक प्रकरण घडले. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे स्वराज्य पक्षाचे. सरकारी पदे घ्यायची नाहीत ही पक्षाची शपथ, कौन्सिलचे अध्यक्षपद तेवढे त्यांनी स्वीकारले होते. त्याच वर्षी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा चालून आली आणि तांबे थेट सरकारात जाऊन बसले. मोतीलाल नेहरू संतापले, न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकर यांनी तांब्यांची बाजू उचलली, आणि त्या वादातून पक्ष फुटून प्रतियोगी सहकारितावाद्यांचा गट वेगळा झाला. अध्यक्षांच्या आसनावरून सत्तेच्या खुर्चीकडे जाण्याची ही वाट पुढे अनेकांनी वापरली. १९९० मध्ये गोव्याचे सभापती लुईस प्रोतो बार्बोझा पक्ष सोडून काही आठवड्यांत मुख्यमंत्री झाले, तेव्हा तांब्यांचे नाव कोणाला आठवलेही नसेल.

१९३५ च्या कायद्याने मुंबईत दोन सभागृहे आली. जुलै १९३७ मध्ये नव्या विधानसभेची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली आणि अध्यक्ष म्हणून गणेश वासुदेव मावळंकर निवडून आले. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, वकिली अहमदाबादेत, गुजरात सभेपासून गांधीजींच्या कामात. गुजराती सहकारी त्यांना आपला मानत आणि मराठी सदस्यही, द्विभाषिक सभागृहात ही मोठीच सोय होती. परिषदेचे अध्यक्षपद मंगळदास पक्वासा यांच्याकडे होते. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, विधानसभा बसेनाशी झाली, तरी मावळंकर पदावर राहिले. १९४६ मध्ये ते केंद्रीय विधानसभेत गेले आणि अवघ्या तीन मतांनी तिथले अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष. भारतीय संसदेचे अनेक संकेत त्यांच्या निर्णयांतून पडले आणि त्या निर्णयांमागे मुंबईतल्या नऊ वर्षांचा सराव होता. मुंबईत त्यांच्या जागी अहमदनगरचे वकील कुंदनमल फिरोदिया आले आणि १९५२ नंतर दत्तात्रय काशिनाथ कुंटे.

या काळात गोदावरीच्या पलीकडे असे काही घडत नव्हते. हैदराबाद संस्थानात कायदे कौन्सिल होते, पण त्यात सरकारी आणि सरकारनियुक्त सदस्यांचीच बहुसंख्या होती. सभागृहाने आपला अध्यक्ष स्वतः निवडावा, ही कल्पना त्या चौकटीत बसणारी नव्हती. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर लष्करी प्रशासन, मग नागरी सरकार आणि १९५२ मध्ये पहिली निवडणूक असा क्रम झाला. १७५ सदस्यांची विधानसभा हैदराबादच्या बागेआममधल्या जुन्या टाउन हॉलमध्ये भरू लागली. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि अध्यक्षपदी निवड झाली ती काशिनाथराव वैद्यांची, हैदराबादच्या सार्वजनिक जीवनातल्या जुन्या मराठी कार्यकर्त्याची.

ही विधानसभा आज महाराष्ट्रात जवळजवळ विसरली गेली आहे, आणि मराठवाड्यातही तिची आठवण क्वचितच निघते. वास्तविक तिच्यातले मराठी माणसांचे स्थान लक्षात राहावे असे होते. अध्यक्ष मराठी, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू मराठी आणि समोरच्या बाकांवरचे विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे हेही मराठीच. देशपांडे कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोकशाही आघाडीचे, आणि निवडून आलेले तेलंगणातून. सभागृहात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचे आमदार. रझाकारी आणि तेलंगणाचा सशस्त्र लढा संपून फार दिवस झालेले नव्हते. काल ज्यांच्यावर वॉरंटे होती ते आज अध्यक्षांकडे बोलण्याची परवानगी मागत होते. अशा सभागृहात मेजावर हातोडा आपटण्यापेक्षा ऐकून घेण्याचे काम अधिक असते.

१९५५ च्या अखेरीस या विधानसभेपुढे राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मराठवाडा मुंबई राज्यात जावा, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे जावेत आणि तेलंगणाचे राज्य तूर्त वेगळे राहावे, अशा शिफारशी होत्या. हैदराबाद राज्याचे विघटन करायचे की नाही, यावर हैदराबादचीच विधानसभा बोलत होती आणि आपले सभागृह मोडण्याची चर्चा तिच्या अध्यक्षांना शिस्तीत पार पाडायची होती. अशी वेळ फार थोड्या पीठासीन अधिकाऱ्यांवर आली असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य संपले, त्याबरोबर वैद्यांचे पदही संपले. मराठवाड्याचे आमदार मुंबई विधानसभेत, कन्नड भागातले म्हैसूरमध्ये आणि तेलंगणातले आंध्र प्रदेशात गेले. देगलूर, बिलोली, मुखेड भागातल्या माणसांना हैदराबाद रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होते. आता विधानसभेचे काम निघाले की मुंबई गाठावी लागणार होती.

मुंबईत याच सुमारास सयाजी लक्ष्मण सिलम अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सभागृह तापलेले होते. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमदार मोठ्या संख्येने आले आणि मराठी विरुद्ध गुजराती असा तणाव रोजच्या कामकाजात दिसू लागला. सिलम मूळचे तेलुगू भाषक, मुंबईच्या पद्मशाली समाजातले. भाषिक वादाच्या त्या दिवसांत अध्यक्ष तिसऱ्याच मातृभाषेचा असणे सोयीचे ठरले असावे. १ मे १९६० रोजी राज्य बदलले तरी अध्यक्ष तेच राहिले. महाराष्ट्र विधानसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचीच नोंद आहे.

त्यांच्यानंतरचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ अशी लागोपाठ दहा वर्षे अध्यक्ष होते. इतका सलग काळ महाराष्ट्राच्या विधानसभेत नंतर कोणाला मिळालेला नाही. शेवगावचे हे गांधीवादी गृहस्थ संतवाङ्मयात मुरलेले होते आणि शाब्दिक कोट्यांसाठी प्रसिद्ध होते. सभागृह तापले की एखादी ओवी किंवा कोटी टाकून ते वातावरण सैल करत. सगळ्यांना ते पुरे पडत नसे. १९६४ मध्ये यवतमाळचे जांबुवंतराव धोटे यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि सभागृहाने त्यांचे सदस्यत्वच रद्द केले. यवतमाळच्या मतदारांनी पुढे त्यांना पुन्हा निवडून पाठवले. अध्यक्षांसमोरचा राजदंड उचलून पळणे, वेलमध्ये उतरून कागद फाडणे, हे नंतरच्या काळात नित्याचे झाले. त्यावर निलंबनापलीकडचा उपाय फारसा कोणी योजलेला नाही.

भारद्यांच्या जागी आलेले शेषराव वानखेडे यांचे नाव आज विधानसभेपेक्षा क्रिकेटमुळे घेतले जाते. अध्यक्ष असतानाच ते मुंबई क्रिकेट संघटनेचेही प्रमुख होते. ब्रेबॉर्न मैदानाच्या मालकांशी बिनसल्यावर त्यांनी चर्चगेटजवळ नवे मैदान उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. पीठासीन अधिकाऱ्याने राज्याच्या जीवनावर उमटवलेला खरा खोल ठसा मात्र या काळात दुसऱ्या सभागृहातून आला.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, त्या पदावर होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. हाताला काम मागणाऱ्या प्रत्येकाला सरकारने काम दिलेच पाहिजे, हा विचार त्यांनी लावून धरला. आधी तासगाव भागात त्याचा छोटा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ पडला आणि मराठवाड्यात पाण्यासाठी व कामासाठी हाहाकार उडाला तेव्हा ती कल्पना राज्यभर पसरली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते अशी कामे निघाली आणि शेतमजूर बायाबापड्यांच्या हाती आठवड्याचा पगार व सुकडी पडू लागली. नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांना ‘रोजगार हमी’ हे शब्द अजून त्या दुष्काळासकट आठवतात. योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचे मूळ इथे आहे. सभापतीने धोरणात डोकावू नये असा संकेत आहे. पाग्यांनी तो मोडला असे कोणी म्हणू शकेल, पण त्याबद्दल त्यांच्यावर रागावलेला माणूस शोधावा लागेल.

पाग्यांनंतर रा. सू. गवई सभापती झाले. रिपब्लिकन पक्षाचे हे नेते त्याआधी दहा वर्षे उपसभापती होते, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक, ना. स. फरांदे आणि शिवाजीराव देशमुख ही त्यापुढची नावे. देशमुखांना मार्च २०१५ मध्ये अविश्वास ठरावाने पद सोडावे लागले. सत्ता बदलली की परिषदेतले संख्याबळ बदलायला वेळ लागतो आणि तोवर सभापती जुन्या आघाडीचे राहतात. त्यांना हटवण्यासाठी राष्ट्रवादी काँग्रेस आणि भाजप एकत्र आले, हे त्या वेळच्या राजकारणाला साजेसेच होते. बाईमाणसांचा हिशेब मांडला तर दोन्ही सभागृहांच्या सर्वोच्च आसनावर आजवर एकही स्त्री बसलेली नाही. उपसभापतिपद १९५० च्या दशकात जेठी सिपाहीमलानी यांना मिळाले होते. त्यानंतर थेट २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे आल्या.

मराठवाड्याचा पहिला अध्यक्ष महाराष्ट्र विधानसभेला १९७८ मध्ये मिळाला. चाकूरचे शिवराज पाटील हे लातूरचे नगराध्यक्ष, मग आमदार, मग विधानसभेचे उपाध्यक्ष अशा पायऱ्या चढत आले होते. मार्च १९७८ मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा दोन्ही काँग्रेसचे वसंतदादा पाटील सरकार होते. जुलैत शरद पवार बाहेर पडले, पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले, पण अध्यक्ष तेच राहिले. सरकार पडूनही अध्यक्ष टिकावा, अशी उदाहरणे पुढे दुर्मीळ झाली. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांनी पद सोडले आणि लातूरमधून लोकसभा गाठली. १९९१ मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. खात्यांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या संसदीय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या त्या त्यांच्याच कारकिर्दीत. स्वच्छ इस्त्रीचे कपडे आणि मोजूनमापून बोलणे यावरून त्यांची थट्टा पुष्कळ झाली. आसनावर बसलेल्या माणसाला हे दोन्ही गुण शोभतात, पुढे केंद्रीय गृहमंत्री म्हणून मात्र ते अंगाशी आले.

पाटलांच्या काळापर्यंत अध्यक्ष मुख्यतः वाद मिटवणारा होता. १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि तो न्यायाधीश झाला. पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. अडचण अशी की हा न्यायाधीश बहुमताने निवडलेला आणि बहुमताने काढता येणारा आहे. ब्रिटनमध्ये अध्यक्ष झालेला सदस्य पक्ष सोडतो आणि मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे अध्यक्षाला पक्ष सोडण्याची मुभा कायद्याने दिली आहे, पण पुढच्या निवडणुकीचे तिकीट पक्षच देणार असल्याने ती मुभा कोणी वापरत नाही.

महाराष्ट्रात या अधिकाराची पहिली मोठी परीक्षा डिसेंबर १९९१ मध्ये झाली. छगन भुजबळ आमदारांचा गट घेऊन शिवसेनेबाहेर पडले. तेव्हाच्या कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून संरक्षण होते. अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी ती अट पूर्ण झाल्याचे मानून गटाला मान्यता दिली. शिवसेनेने आरडाओरडा केला, पण निर्णय टिकला. ही तृतीयांशाची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बंद झाली.

फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे हे मराठवाड्याचे दुसरे अध्यक्ष. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ते बिनविरोध निवडून आले आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचे त्यांनी जाहीर केले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणी मागितली, ती वेळ निघून गेल्यावर मागितली असे सांगून नाकारली गेली. आवाजाने काय मंजूर झाले हे ठरवणारा कान एकट्या अध्यक्षाचा असतो. त्या दिवशीच्या गदारोळात बाकीच्यांना काय ऐकू आले, यावर अजून वाद आहेत.

२०१९ नंतरची पाच वर्षे तर या पदाच्या इतिहासातली सगळ्यांत वादळी म्हणावी लागतील. नाना पटोले डिसेंबर २०१९ मध्ये अध्यक्ष झाले आणि ४ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रदेश काँग्रेसची धुरा घेण्यासाठी पायउतार झाले. अध्यक्षाने राजीनामा उपाध्यक्षाकडे द्यायचा असतो, त्याप्रमाणे तो नरहरी झिरवाळ यांच्याकडे गेला आणि पुढचे जवळजवळ सतरा महिने आसन रिकामे राहिले. जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्ष भास्कर जाधव आसनावर असताना धक्काबुक्की-शिवीगाळीच्या आरोपावरून भाजपच्या बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हे निलंबन रद्द ठरवले. चालू अधिवेशनापलीकडे आमदाराला बाहेर ठेवले तर त्याचा मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो, हा न्यायालयाचा मुख्य मुद्दा होता. २०१७ मध्ये विरोधी बाकांवरच्या एकोणीस आमदारांना अधिवेशनाच्याही पलीकडे निलंबित करणारे सत्ताधारी भाजपचे होते, हे तेव्हा दोन्ही बाजू सोयीने विसरल्या.

देगलूरची पोटनिवडणूक याच रिकाम्या आसनाच्या काळातली. आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे २०२१ मध्ये निधन झाले, ३० ऑक्टोबरला मतदान झाले आणि त्यांचे पुत्र जितेश काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. ते ज्या सभागृहात दाखल झाले तिथे अध्यक्ष नव्हता. डिसेंबरात सत्ताधारी महाविकास आघाडीने अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड पद्धतीने करण्यासाठी नियम बदलले. निवडणुकीची तारीख नियमांप्रमाणे राज्यपाल ठरवतात आणि भगतसिंह कोश्यारी यांनी ती दिली नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढण्याची वेळ उपाध्यक्षांवर आली आणि त्यांच्याच विरोधात अविश्वासाची सूचना आलेली होती. सरकार बदलताच काही दिवसांत, ३ जुलैला, अध्यक्षाची निवडणूक झाली. नव्या उघड पद्धतीनेच सदस्यांना उभे करून शिरगणती झाली आणि राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. त्यांचे सासरे रामराजे नाईक निंबाळकर तेव्हा परिषदेचे सभापती होते. जावई एका सभागृहात आणि सासरे दुसऱ्या, असा योग चार-पाच दिवसच टिकला, कारण रामराजेंची मुदत संपत आली होती.

शिवसेनेच्या फुटीवर मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की पक्षाचा प्रतोद विधिमंडळ गट ठरवत नाही, मूळ राजकीय पक्ष ठरवतो, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकरांनी निकाल दिला. एकनाथ शिंदे यांचा गटच खरी शिवसेना, पण दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही. पुढच्या महिन्यात फुटलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसबाबतही त्याच वळणाचा निकाल आला.

या निवाड्यांच्या गदारोळात पीठासीन अधिकाऱ्याची रोजची कामे झाकली जातात. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प घ्या. महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्याने मिळून हाती घेतलेला, देगलूर भागाला पाणी देणारा आणि वर्षानुवर्षे रखडलेला. त्यावर देगलूरच्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकला तर तो नियमांत बसतो की नाही हे अध्यक्षांच्या अधिकारात ठरते. स्वीकारला गेला तरी यादीत तो वर आला पाहिजे, कारण प्रश्नोत्तराच्या तासात पहिले काही प्रश्नच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. मंत्र्याचे उत्तर गुळमुळीत असेल तर उपप्रश्नाला परवानगी द्यायची की पुढचा प्रश्न पुकारायचा, हेही आसनावरून ठरते. वेळ नसेल तर लक्षवेधी सूचना, तीही अध्यक्षांच्या संमतीने. आमदाराने राजीनामा दिला तर तो स्वखुशीचा आणि खरा आहे याची खात्री करून मगच अध्यक्षांनी स्वीकारायचा, अशी १९७४ च्या घटनादुरुस्तीने घातलेली अट आहे. नांदेड जिल्ह्याला २०२४ मध्ये याचा दोनदा अनुभव आला. फेब्रुवारीत भोकरचे अशोक चव्हाण यांनी आणि ऑगस्टअखेरीस देगलूरचे जितेश अंतापूरकर यांनी आमदारकीचे राजीनामे नार्वेकरांकडे दिले. दोघेही काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले आणि अंतापूरकर नोव्हेंबरात भाजपचे आमदार म्हणून देगलूरमधूनच परत आले.

नव्या विधानसभेत ज्येष्ठ सदस्य कालिदास कोळंबकर यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून शपथा दिल्या आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले, या वेळी बिनविरोध. त्याच महिन्यात राम शिंदे परिषदेचे सभापती झाले आणि अडीच वर्षे रिकामे असलेले ते आसनही भरले. विधानसभेतल्या विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न मात्र उरला, कारण विरोधी बाकांवरच्या एकाही पक्षाला एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा, मिळालेल्या नव्हत्या. दहा टक्क्यांची ही अट राज्याच्या १९७८ च्या कायद्यात कुठे लिहिलेली नाही. त्यात फक्त सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला अध्यक्षांनी मान्यता द्यावी असे म्हटले आहे. मार्च २०२५ मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाने या पदासाठी एक नाव अध्यक्षांकडे दिले. ते होते भास्कर जाधव यांचे, जुलै २०२१ मध्ये बारा आमदारांच्या निलंबनाच्या वेळी आसनावर बसलेल्या तालिका अध्यक्षांचे.